भेग जुनी की पुराची?

घराच्या विम्यावर कवीने काय बोलावे, असे तुम्हाला वाटेल. पण चिपळुणात राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले. ओसरल्यावर चिखल उपसता उपसता ज्यांच्या घराचा विमा होता, ते एकमेकांना एकच गोष्ट विचारत होते : भिंत तर आधीपासूनच खराब होती, आता क्लेम करावा की करू नये? मी बी. ए., इंग्रजी कागद वाचू शकतो, म्हणून फॉर्म घेऊन मंडळी माझ्याकडे येत.

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा अर्जच करायला तयार नव्हते. मुलाच्या गृहकर्जासोबत त्यांच्या घराची पॉलिसी निघाली होती. पुढची भिंत पडली होती, लाद्या उखडल्या होत्या. पण मागच्या भिंतीला जुनी भेग, दर पावसाळ्यात पोपडे. "जुन्याचे पैसे पुराच्या नावावर घेतले तर ते मला पचायचे नाहीत," म्हणाले. दुसऱ्या टोकाला एक तरुण. त्याला गवंड्याने सल्ला दिला होता, की घरातले असेल नसेल ते सगळे पुराच्या खाती घाल. मला चाचांची जास्त काळजी वाटली. खोटे न बोलण्याच्या भरात ते हक्काचे सोडून देत होते.

विमा घराच्या वयाचे पैसे देत नाही, अवचित आलेल्या संकटाचे देतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी ठरवून दिली आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे, अशी संकटे तिच्यात नावानिशी लिहिली आहेत. वर्षानुवर्षे मुरलेली ओल त्या यादीत नाही. नवे बांधकाम बसताना पडणाऱ्या नेहमीच्या तडा किंवा सदोष बांधकामामुळे खचलेली जमीन, हेही तिने वगळले आहे.

पण भिंत जुनी होती, एवढ्याने पुराने केलेले नुकसान जुने होत नाही. भिंत शंभर पावसाळे उभी होती आणि पाण्याच्या लोंढ्याने पडली, तर पडण्याचे निकटचे कारण लोंढाच. कायदाही तेच कारण शोधतो. नुकसान पुरात झाले हे दाखवणे आपले काम. ते पॉलिसीतल्या अपवादात बसते असे म्हणायचे असेल, तर ते कंपनीने सिद्ध करायचे.

मग वेगळे कसे करायचे? चाचांच्या घरी आम्ही गवंड्याला घेऊन गेलो. चिरा ताजा फुटला की आत लालबुंद, स्वच्छ दिसतो, कडा धारदार असतात. जुन्या भेगेत धूळ, कोळ्याचे जाळे, कधी शेवाळ. रंग आत उतरलेला असेल तर ती रंगकामाच्या आधीची, यात शंकाच नाही. भिंतीवर पुराची मातकट रेघ होतीच. घरातल्या लग्नाचे फोटो काढले. वधूवरांच्या मागे भिंत होती, धडधाकट! अशा कामाला त्या फोटोंइतका चांगला साक्षीदार नाही. अर्जात पडलेली भिंत आणि लाद्या लिहिल्या. मागच्या भेगेपुढे 'पुरापूर्वीची, मागणी नाही' असे लिहिले. सर्व्हेअरने ती ओळ वाचली, आणि पुढची भिंत मोजताना त्याने फारसे खोदून विचारले नाही.

त्या तरुणाला मी एवढेच दाखवले : दावा कोणत्याही बाबतीत लबाडीचा निघाला, तर पॉलिसीचे सगळेच लाभ जातात, असे कलम असते. म्हणजे एका जुन्या भेगेसाठी खऱ्या लाद्याही गमवायच्या. बिचारा बराच वेळ गप्प होता.

विम्यात परम विश्वासाने वागावे, हे तत्त्व १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड या इंग्रज न्यायाधीशाने मांडले. सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्याचे ते प्रकरण. गंमत अशी, की निकाल लागला तो विमा उतरवणाऱ्या गव्हर्नरच्या बाजूने. विमा देणाऱ्याला सहज कळू शकत होते ते न सांगितल्याचा ठपका त्याच्यावर आला नाही. विश्वास दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

नुकसान अगदी किरकोळ असेल, तर आधी पॉलिसीत पाहा : काही पॉलिसींत दाव्यातली ठरावीक रक्कम आपणच सोसायची असते. बाकी फोटो काढण्याआधी काही हलवू नका, आणि कंपनीला लगेच कळवा. 'आधीचेच नुकसान' म्हणून दावा नाकारला, तर सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. मग कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.