फलकावरची मुलगी, पापडवाला ससा आणि झूझू

2009 चा उन्हाळा. लोकसभेच्या निवडणुकांमुळे आयपीएलचा दुसरा हंगाम दक्षिण आफ्रिकेत खेळवला जात होता. तो चषक डेक्कन चार्जर्सने जिंकला, हे आज आठवायला बहुतेकांना थोडं थांबावं लागतं. पण दोन षटकांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात दिसणारी ती पांढरी मंडळी लगेच आठवतात. मोठं गुळगुळीत डोकं, सुटलेलं पोट, काड्यांसारखे हातपाय आणि कुठल्याच भाषेत नसलेली बडबड. व्होडाफोनचे झूझू.

त्या वेळी घरोघरी सगळ्यांची समजूत हीच होती की हे कार्टून आहे, कुणीतरी संगणकावर तयार केलेलं. प्रत्यक्षात ती जिवंत माणसं होती, बहुतेक सडपातळ बांध्याच्या स्त्रिया. पांढऱ्या कापडी पोशाखात त्यांना नखशिखांत झाकलं होतं. डोकं म्हणजे वरून बसवलेला कडक गोळा आणि त्यावरचं हसू, रडू, आश्चर्य म्हणजे चिकटवलेले रबराचे तुकडे. ओगिल्वी या जाहिरातसंस्थेसाठी निर्वाणा फिल्म्सच्या प्रकाश वर्मांनी हे सगळं केपटाउनमध्ये चित्रित केलं. नेपथ्य मुद्दाम करड्या रंगात आणि मोठ्या आकाराचं ठेवलं, म्हणजे आतली माणसं छोटी आणि रेखाटल्यासारखी दिसावीत. कॅमेरा सेकंदाला 20 चौकटींच्या वेगाने चालवला. नेहमीच्या गतीने तीच फीत दाखवली की हालचाल किंचित घाईची होते, थोडी तुटक वाटते आणि आपल्या डोळ्यांना ती कार्टूनची हालचाल भासते.

ॲनिमेशनचा सगळा इतिहास रेषेला जिवंत करण्याचा आहे. इथे उलटा प्रवास झाला, जिवंत माणसाची रेष केली गेली. यामागे कलेचा हट्ट जितका होता, तितकाच व्यवहारही. एका हंगामासाठी सुमारे 30 लघुपट हवे होते, रोज नवा. खरं ॲनिमेशन करायचं तर एकेका मिनिटामागे आठवडे जातात.

झूझूंनी देश जिंकला तो मात्र या तंत्रामुळे नाही. बारकाईने पाहिलं तर या लघुपटांतली फोनची सेवा अगदी शेवटी, एका पाटीपुरती यायची. त्याआधी घडायची ती हेवा, प्रेम, फजिती, लोभ यांची छोटी गोष्ट, आणि ती कळायला भाषा लागत नव्हती. कोल्हापुरात, कोचीत, कानपुरात एकच चित्रफीत जशीच्या तशी चालत होती. वीसेक भाषांच्या देशात जाहिरातवाल्यांचा निम्मा जीव भाषांतरात जातो. तिथे या गिचमिड बोलीने तो प्रश्नच मिटवला. शिवाय रोज नवी गोष्ट. लोक सामन्याइतकीच तिचीही वाट पाहू लागले. झूझू टी-शर्टवर आले, कपांवर आले, फेसबुकवर त्यांचे चाहते जमले. प्राणिमित्र संघटना ‘पेटा’नेही व्होडाफोनला पुरस्कार दिला, कारण कंपनीने जाहिरातीत खऱ्या कुत्र्याच्या जागी झूझू आणले होते.

त्या पुरस्कारामागची गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही. व्होडाफोनच्या आधी तीच कंपनी ‘हच’ होती आणि मुलाच्या मागेमागे सगळीकडे जाणारा तो छोटा पग, गोव्यात चित्रित झालेला, 2003 पासून घराघरात माहीत झाला होता. त्याच्यामुळे देशात पग पाळण्याची लाट आली. चपट्या नाकाच्या या जातीला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणं जड जातं. जिवंत प्राणी लोकप्रिय झाला की त्या लोकप्रियतेची किंमत प्राण्यालाच चुकवावी लागते. काढलेल्या किंवा घडवलेल्या पात्राला ती भोगावी लागत नाही, आणि मला हा या पात्रांचा मोठा गुण वाटतो.

झूझूंचं आयुष्य मात्र छोटं ठरलं. 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या, 2020 मध्ये ‘व्ही’ हे नाव आलं. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला झूझू दाखवला, तर तो कोण हे त्याला सांगावं लागेल. एवढी प्रचंड लोकप्रियता इतक्या लवकर विरते आणि काही साधीसुधी पात्रं मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, असं का होतं?

दूरदर्शनच्या दिवसांतला लिज्जत पापडचा ससा घ्या. आठवणीत तो अजून ताजा आहे: मोठे कान, पुढचे दात, हातात पापड आणि ते खिदळणं. हा ससा घडवला आणि त्याला आवाज दिला तो रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी घडवलेले अर्धवटराव मराठी रंगमंचावर आजही ओळखीचे आहेत, आणि ‘झपाटलेला’मधला तात्या विंचूही रामदास पाध्यांच्याच हातचा. बोलक्या बाहुल्यांच्या या घराण्यात एक गोष्ट पिढीजात कळलेली आहे: बाहुलीला लोक स्वभावाने ओळखतात. अर्धवटराव आगाऊ आहेत, म्हणून ते अर्धवटराव आहेत. लिज्जतच्या सशालाही तसाच स्वभाव मिळाला. तो हावरा होता, आनंदी होता आणि आपला आनंद लपवता न येणारा होता. पापडाचे गुण सांगण्याचं काम त्याच्याकडे फारसं नव्हतं. तो पापड खाऊन खूश व्हायचा, एवढंच.

लिज्जतचा जन्म 1959 चा, गिरगावातला. सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली. त्या संस्थेची जाहिरात एखाद्या तारकेने केली असती तर ती तारकेची झाली असती. सशामुळे ती सगळ्यांची राहिली.

गिरगावशी नातं असलेलं आणखी एक पात्र आहे, गट्टू. 1942 मध्ये चार मित्रांनी गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये रंगाचा धंदा सुरू केला. तीच पुढची एशियन पेंट्स. 1954 मध्ये कंपनीने आर. के. लक्ष्मण यांच्याकडून एक मुलगा काढून घेतला. विस्कटलेले केस, हातात रंगाने ओथंबलेला ब्रश आणि डब्बा, चेहऱ्यावर काहीतरी करून ठेवल्याचा भाव. लक्ष्मण यांची रेष ज्यांना माहीत आहे त्यांना हे चटकन कळेल: त्या मुलाने भिंत रंगवलीय की खराब केलीय, हे सांगता येत नाही, आणि त्यातच मजा आहे. मग कंपनीने लोकांनाच विचारलं, याचं नाव काय ठेवायचं? 47 हजारांच्या आसपास उत्तरं आली. त्यांतून ‘गट्टू’ निघालं. एका पात्राचं बारसं हजारो अनोळखी लोकांनी मिळून केलं, आणि ज्याचं नाव आपण ठेवलं ते मूल परक्याचं राहत नाही.

गट्टू जवळजवळ अर्धशतक टिकला. दुकानांच्या पाट्यांवर, डब्यांवर, कॅलेंडरांवर तो होता. 2002 मध्ये कंपनीने त्याला निवृत्त केलं. कारण समजण्यासारखं आहे. रंग आता डब्यातून विकला जात नव्हता, घराच्या सजावटीचं स्वप्न म्हणून विकला जात होता, आणि त्या देखण्या दिवाणखान्यांत रंग सांडणारा पोरगा बसेना. मला तो निर्णय आजही पटत नाही. घर देखणं करण्याचं स्वप्न पाहणाऱ्या मध्यमवर्गाला त्या पोराने जन्मभर सोबत दिली होती.

पात्र मालापेक्षा मोठं झालं तर काय होतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियातल्या मनुके पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाने 1986 मध्ये एक जाहिरात केली. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचे विल व्हिंटन मातीचे पुतळे चौकटीगणिक किंचित हलवून ॲनिमेशन करत. त्यांनी सुरकुतलेल्या मनुक्यांना हातपाय, गॉगल आणि हातमोजे दिले आणि एका जुन्या लोकप्रिय गाण्यावर नाचवलं. देश वेडा झाला. खेळणी आली, गाण्यांच्या तबकड्या आल्या, टीव्हीवर खास कार्यक्रम झाला, रे चार्ल्स आणि मायकल जॅक्सन यांचेही मनुके झाले. पण जाहिरातीचा खर्च शेतकऱ्यांकडून वर्गणीने गोळा होत होता आणि त्यावरून त्यांच्यात वाद पेटले. 1994 मध्ये ते मंडळच बंद झालं. नाचणारे मनुके लोकांना अजून आठवतात. ज्यांच्या पैशांवर ते नाचले त्या शेतकऱ्यांचा विचार केला की मात्र मन जड होतं, कारण शेतमालाच्या जाहिरातीत हा धोका कायमचाच आहे. पात्रावरचं प्रेम बाजारभावात उतरेलच असं नाही.

शेतकऱ्यांच्याच पैशांवर उभं राहिलेलं आणि तरीही सहा दशकं न थकलेलं एक पात्र आपल्या डोळ्यांसमोर आहे.

1966 मध्ये अमूल लोणी बाजारात पोल्सन या दुसऱ्या लोण्याशी झुंजत होतं. तोवरच्या अमूलच्या जाहिराती गंभीर, कोरड्या होत्या. जाहिरातकार सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांच्याकडे काम आलं तेव्हा एक अडचण समोर होती. त्या काळात फलक हाताने रंगवले जात आणि ते वारंवार बदलायचे होते. म्हणजे चित्र असं हवं की शिडीवर चढलेल्या रंगाऱ्याला ते सहज काढता यावं, आणि खालून जाणाऱ्याच्या ध्यानात राहावं. त्यातून ती मुलगी जन्मली: निळे केस, वर बांधलेली शेंडी, ठिपक्यांचा फ्रॉक, गुबगुबीत गाल. नाक काढायची गरजच पडली नाही. कमी रेषांमागे कुठली सौंदर्यदृष्टी होती असं मानण्यापेक्षा रंगाऱ्याच्या सोयीकडे पाहावं. ती सोयच तिचं सौंदर्य झाली.

ती हलत नाही. वर्षानुवर्षं फलकावर स्थिर उभी असते. तरीही झूझूंपेक्षा ती जास्त जिवंत वाटते, कारण जगात काही घडलं की तिला त्यावर काही म्हणायचं असतं. नवा चित्रपट, क्रिकेटचा निकाल, अर्थसंकल्प, संप, निवडणूक, कुणाचं लग्न, कुणाचं जाणं. लोण्याबद्दल ती एक शब्द बोलते, बाकीचं सगळं गावभराचं. सुरुवातीला असे फलक कधीमधी यायचे, मग दर आठवड्याला येऊ लागले आणि आता जवळजवळ रोज येतात. मुंबईत गाडीतून, बसमधून जाताना फलकाकडे मान वळवायची सवय कित्येकांना तिनेच लावली.

या सवयीमागे मुंबईतली, त्यातही मराठी, माणसं बरीच आहेत. इंग्रजी आणि देशी शब्दांची सरमिसळ करणाऱ्या तिच्या कोट्यांमध्ये एकेकाळी भरत दाभोळकरांचा हात होता. फर्नांडिस यांच्यानंतर कुमार मोरे यांनी तिला रेखाटलं आणि पुढे कित्येक दशकं जयंत राणे तिला काढत आले. सिल्व्हेस्टर यांचे चिरंजीव राहुल डाकुन्हा आणि लेखक मनीष झवेरी कल्पना आणि शब्द पाहतात. सही न करता इतकी वर्षं रोज नव्या प्रसंगात तीच मुलगी उभी करणं, तिचं वय वाढू न देणं, तिचा खट्याळपणा दुष्टपणाकडे झुकू न देणं, हे कसब आपल्याकडे फार थोड्यांनी ओळखलंय. व्यंगचित्रकारांच्या यादीत राणे यांचं नाव ठळक असायला हवं.

पण हे सगळं ज्यामुळे शक्य झालं ती गोष्ट कागदावर काढता येत नाही. अमूलची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी डाकुन्हांना मुभा दिली होती की फलक लावण्याआधी आणंदहून, म्हणजे अमूलच्या मुख्यालयातून, मंजुरी मागायची नाही. बातमी ताजी असतानाच तिच्यावर बोलायचं असेल तर मंजुरीची अट सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मंजुरीच्या फायलीतून जाणारा विनोद बाहेर येईतो शिळा होतो.

या मुभेची किंमतही मोजावी लागली. गणेशोत्सवात बाप्पाच्या जयघोषातल्या ‘मोरया’वर ‘मोअर घ्या’ अशी कोटी केली तेव्हा मुंबईत लोक संतापले आणि कार्यालय उद्ध्वस्त करण्याची धमकी आली. इंडियन एअरलाइन्सच्या संपावरच्या फलकाने ती विमान कंपनी इतकी दुखावली की विमानात अमूल लोणी देणं बंद करू, असा इशारा आला. कुरियन यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्या दिवशी मंजुरीची फाईल परत सुरू झाली असती. शिवाय धोक्यात होता तो लाखो दूध उत्पादकांचा माल, एखाद्या मालकाचा खासगी धंदा नव्हे. सावध राहायला याहून भक्कम कारण कुठलं असेल? तरीही ती मुभा काढून घेतली गेली नाही. कुरियन 2012 मध्ये गेले, सिल्व्हेस्टर डाकुन्हा 2023 मध्ये. मुलीने काय बोलावं हे ठरवण्याचं काम आजही आणंदमधलं कुठलंही खातं करत नाही. ते मुंबईतली ती मोजकी माणसं करतात, त्या दिवशीची बातमी समोर ठेवून.