कलाटणीचा धक्का तयार कसा होतो? ‘डार्क’ मालिकेच्या निमित्ताने

आधीच सांगायला हवं : या लेखात ‘डार्क’ या जर्मन मालिकेतली रहस्यं उघड केली आहेत. मालिका पाहायची राहिली असेल, तर लेख बाजूला ठेवा आणि नंतर वाचा.

बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझं या जोडीची ‘डार्क’ ही विज्ञानकथा मालिका १ डिसेंबर २०१७ रोजी नेटफ्लिक्सवर आली. तीन सीझन आणि २६ भागांची ही मालिका २०२० मध्ये संपली. विंडेन नावाचं काल्पनिक गाव, तिथला अणुऊर्जा प्रकल्प, जंगलातली गुहा आणि एकमेकांत गुंतलेली चार कुटुंबं, एवढा तिचा पसारा. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात एक कलाटणी येते आणि आरामात रेलून बसलेला प्रेक्षक ताठ बसतो. हा धक्का कसा रचला आहे, ते क्रमाने पाहू.

सुरुवात होते ती माहिती उघडपणे समोर ठेवण्यापासून. पहिल्या भागाच्या आरंभी, २१ जून २०१९ रोजी, मिखाएल हा माणूस गळफास घेतो. मागे ठेवलेल्या पत्रावर सूचना असते : ४ नोव्हेंबरला रात्री १० वाजून १३ मिनिटांआधी उघडू नये. त्यानंतर थोड्याच वेळात ४ नोव्हेंबरची सकाळ दिसते. दुसऱ्या एका घरात मिकेल नावाचा लहान मुलगा वडिलांना हातचलाखीचा खेळ दाखवतोय. हे कसं केलंस, असं वडील विचारतात. पोरगा म्हणतो, प्रश्न ‘कसं’ हा नाहीच, ‘केव्हा’ हा आहे. त्याच रात्री गुहेजवळ तो नाहीसा होतो.

नंतरचं काम प्रेक्षक स्वतःच करतो. मुलगा हरवला, पोलीस शोधताहेत, आधीही एक मुलगा बेपत्ता आहे. म्हणजे ही गुन्हेकथा, असं आपण ठरवून टाकतो. आत्महत्या वेगळ्या कप्प्यात जाते आणि हरवलेला मुलगा वेगळ्या कप्प्यात. मेलेला माणूस मोठा, हरवलेला मुलगा लहान. दोघांचा संबंध असेल, अशी शंकाही येत नाही. मालिका इथे खोटं काहीच बोललेली नाही. कप्पे आपणच पाडलेले असतात.

पुढची चाल सर्वांत हुशारीची आहे. मिकेल गुहेतून १९८६ मध्ये पोहोचला आहे, हे दुसऱ्याच भागाच्या शेवटी दाखवून टाकतात. रहस्य हाती लागलं असं वाटून आपण सैल होतो. आता एकच प्रश्न उरतो : तो परत कधी येणार? छोट्या कलाटणीच्या आड मोठी कलाटणी लपते ती अशी.

मग पाचव्या भागात मिखाएलचं पत्र त्याच्या मुलाच्या, योनासच्या हाती पडतं. मिकेल परत आलाच नाही. इनेस नावाच्या नर्सने त्याला वाढवलं. तो मोठा झाला, हानाशी लग्न केलं आणि योनासचा बाप झाला. गळफास घेतलेला माणूस आणि हातचलाखी दाखवणारा मुलगा एकच.

या क्षणी प्रेक्षकाच्या मनात दोन गोष्टी पाठोपाठ घडतात. पहिली बुद्धीची. पत्रावरची वेळ, ‘केव्हा’वरचं ते उत्तर, सगळं आठवतं आणि नव्याने जुळतं. ‘अरे, हे तर समोरच होतं!’ असं तोंडून निघतं. दुसरी गोष्ट काळजाला भिडणारी. योनासचं जिच्यावर प्रेम आहे, ती मार्था मिकेलची बहीण, म्हणजे नात्याने त्याची आत्या. मिकेलला परत आणावं, तर योनासचा स्वतःचा जन्मच पुसला जाईल. जुळलेल्या कोड्याची किंमत पात्राला मोजावी लागते, म्हणून ही कलाटणी नुसती चलाखी राहत नाही.

धक्का पचायला नियमही पक्का लागतो. इथे तो ३३ वर्षांचा : १९५३, १९८६, २०१९. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. आपल्या पंचांगात ही तूट अधिक महिना भरून काढतो. ती भरलीच नाही, तर साधारण ३३ वर्षांत पूर्ण वर्षाएवढी होते आणि दोन्ही चक्रं पुन्हा जुळतात. याच चक्राचा आधार मालिका घेते. काळप्रवास कल्पित असला, तरी चौकट आधीच आखलेली असल्याने लेखकांनी आयत्या वेळी काही घुसडलं, असं वाटत नाही.

पुढच्या सगळ्या कलाटण्या इतक्या नेमक्या बसत नाहीत. शार्लोटे आणि एलिझाबेट या दोघी एकमेकींच्या आई आणि मुलगी ठरतात, तेव्हा आपण वंशावळ कागदावर काढू लागतो. चकित होतो, पण गलबलत नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी दुसऱ्या जगातली मार्था येते, तेव्हा तर खेळाचा नियमच बदलतो.

प्रतिक्रिया पाहण्याच्या पद्धतीवरही ठरते. ‘डार्क’च्या पहिल्या सीझनचे दहाही भाग एकदम आले, तर्क लढवायला उसंत कमी मिळाली. याउलट ‘वेस्टवर्ल्ड’ ही मालिका २०१६ मध्ये दर आठवड्याला येत होती. त्यातला तरुण विल्यम आणि काळ्या कपड्यांतला म्हातारा एकच आहेत, हे अनेकांनी शेवटच्या भागाआधीच ओळखलं. कथेतल्या करमणूक उद्यानाचं बोधचिन्ह दोन काळांत वेगळं आहे, हेही त्यांनी हेरलं होतं. त्यांना धक्का बसला नाही, पण तर्क खरा ठरल्याचं समाधान मिळालं.

शेवट आधी कळला तर मजा जाते का? सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्षही निघाले, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

कलाटणी अस्सल की उसनी, हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे सीझन संपला की पहिला भाग पुन्हा पाहायचा. उसनी कलाटणी दुसऱ्यांदा पाहताना फिकी पडते, अस्सल असेल तर तोच भाग आधीपेक्षा जास्त बोलू लागतो. मिकेलची कलाटणी या कसोटीला पुरेपूर उतरते.