राहुल शौचकुटीत का झोपला?

संडासाचा विषय निघाला की मुलं खिदळतात आणि मोठी माणसं दटावतात. त्यात धर्माचा संबंध आला, तर दटावणी आणखी कडक होते. मग सांगण्याजोग्या खऱ्या हकिकती मुलांपर्यंत पोचतच नाहीत. अर्धवट, तिखटमीठ लावलेल्या मात्र मोबाइलवरून नेमक्या पोचतात.

पोपच्या खुर्चीचंच घ्या. जोन नावाची एक बाई वेष पालटून पोप झाली, म्हणून पुढे प्रत्येक नव्या पोपला भोक असलेल्या खुर्चीवर बसवून तो पुरुषच आहे ना हे तपासत, असं ठासून सांगितलं जातं. खुर्च्या खऱ्या आहेत. एक व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, दुसरी पॅरिसच्या लूव्रमध्ये. पण त्या प्राचीन रोमन काळात घडवलेल्या, बहुधा स्नानगृहातल्या आहेत. शेकडो वर्षांनी पोपच्या पदग्रहणाच्या विधीत त्यांचा वापर झाला. भोक आधीपासूनच होतं. जोनची कथा तर 13व्या शतकाआधी कुठे लिहिलेली आढळत नाही. इतिहासकार तिला दंतकथाच मानतात.

जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथरला ख्रिस्ती धर्मसुधारणेचा साक्षात्कार संडासात झाला, हीसुद्धा अशीच आवडती कथा. ल्यूथरला बद्धकोष्ठाचा त्रास होता, हे त्याच्याच पत्रांत आहे. विटेनबर्गला त्याच्या घराच्या आवारात दगडी शौचकूप सापडल्याचं 2004 मध्ये जाहीरही झालं. पण मूळ आधार एवढाच, की पुढे बऱ्याच वर्षांनी जेवणाच्या टेबलावर तो जे बोलला, त्यात शिष्यांनी शौचकूपाचा उल्लेख टिपून ठेवला. तो खऱ्याखुऱ्या शौचकूपाबद्दल बोलत होता की स्वतःच्या खालावलेल्या मनःस्थितीबद्दल, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

इस्रायलमधल्या लाखीशची हकिकत मला जास्त मोलाची वाटते. तिथल्या प्राचीन नगराच्या वेशीतल्या देवस्थानात मधोमध भोक असलेलं दगडी आसन मिळालं. ते इसवी सनापूर्वी 8व्या शतकातलं असल्याचं 2016 मध्ये जाहीर झालं. संडास सापडला म्हणजे लोक तिथे जात असणार, असंच कुणालाही वाटेल. पण प्रयोगशाळेतल्या तपासणीत वापराच्या खुणा आढळल्या नाहीत. उत्खनन करणाऱ्यांच्या मते यहूदा राज्याच्या हिज्किया राजाने जेरुसलेमबाहेरची पूजास्थानं बंद केली, तेव्हा ही जागा कायमची भ्रष्ट करण्यासाठी ते आसन मुद्दाम बसवलं. बायबलमध्येही येहू राजाने बाल नावाच्या देवाचं मंदिर पाडून तिथे शौचकूप केल्याचा उल्लेख आहे.

यावरून कुणी म्हणेल, धर्म आणि संडास यांचं वैरच. तसं नाही. क्योतोच्या तोफुकुजी मठात भिक्षूंचा काही शतकांपूर्वीचा सामुदायिक संडास सरकारने महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जपला आहे. झेन मठांत ध्यानगृह, स्नानगृह आणि शौचगृह या तिन्ही ठिकाणी मौन पाळायचं असतं.

आणि आपल्याकडे? ‘पूर्वी सगळे उघड्यावरच जात’ हे सरसकट विधान पाली विनयपिटक, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, वाचल्यावर टिकत नाही. त्यात भिक्खूंच्या शौचकुटीचे बारीकसारीक नियम आहेत. आत शिरण्याआधी बाहेरून खोकायचं, आत कुणी असेल तर त्यानेही खोकून सांगायचं, चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, बाहेर टांगायचं, जागा घाण झाली असेल तर धुवायची. सुरुवातीला तिथेही ज्येष्ठतेचा क्रम चाले. आधी आलेले नवे भिक्खू थोरांसाठी थांबून राहत. कळ दाबून ठेवता ठेवता ते घेरी येऊन पडत. तेव्हा बुद्धांनी नियम केला: जो आधी येईल तो आधी जाईल.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत राहुलने वडिलांकडे, म्हणजे बुद्धांकडे, वारसा मागितल्याची गोष्ट मुलांना ठाऊक असते. त्याच राहुलची ही दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, न झालेल्याबरोबर भिक्खूंनी एका छताखाली झोपू नये, असा नियम झाला होता. कोसंबीच्या विहारात भिक्खूंनी लहानग्या राहुलला तो सांगितला, कारण तो अजून सामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होता. झोपायला जागा उरली नाही, म्हणून तो बुद्धांच्या शौचकुटीत जाऊन झोपला. पहाटे बुद्ध आले आणि रीतीप्रमाणे बाहेरून खोकले. आतून उत्तरादाखल खोकला आला.

“कोण आहे?”

“मी राहुल, भगवान.”

यात भिक्खूंचा दुष्टपणा नव्हता आणि राहुलचा वेडेपणाही नव्हता. दोघेही नियमच पाळत होते. चूक नियमात होती. बुद्धांनी कुणालाही शिक्षा न करता तो नियम सैल केला आणि दोन-तीन रात्री एकत्र झोपायला मुभा दिली. जातककथेवरच्या भाष्यात पुढे असंही येतं, की त्या कुटीत रात्रभर दिवा जळे आणि भिंतींवर फुलांच्या माळा असत.

संडास गाळून ही गोष्ट सांगता येत नाही. राहुल कुठे झोपला हे वगळलं, तर नियम का बदलावा लागला हेच मुलांना कळत नाही. म्हणून आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, शिक्षकहो, ती जशी आहे तशी सांगा. मुलं हसली तर हसू द्या, आणि त्यांचे प्रश्न संपेपर्यंत उत्तरं द्या.