शेतमजुरांची मुलं आणि मागे घेतलेला मसुदा

वॉशिंग्टन : अमेरिकेत सरकारी खात्याला नवा नियम करायचा असला की मसुदा आधी ‘फेडरल रजिस्टर’ या राजपत्रात छापून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्यांचा विचार झाल्यावरच नियम पक्का होतो. तोवर खातं मसुदा मागेही घेऊ शकतं. कामगार खात्याने 2012 साली असा एक मसुदा मागे घेतला. त्याची झळ शेतमजुरांच्या मुलांना आजही बसते आहे.

इथल्या 1938च्या श्रम कायद्यात शेतीला पहिल्यापासून सवलत. इतरत्र धोक्याच्या कामाला वयाची अट 18 वर्षांची, शेतात 16 पुरतात. आईवडिलांची संमती असेल, तर 12 वर्षांचं मूल शाळेची वेळ सोडून कितीही तास मजुरी करू शकतं.

तेव्हाच्या कामगारमंत्री हिल्डा सोलिस यांच्या खात्याने सप्टेंबर 2011 मध्ये धोक्याच्या कामांची 1970 सालची यादी सुधारायला घेतली. 16 वर्षांखालच्या मजूर मुलांना तंबाखूच्या कामाला आणि बहुतेक यंत्रांवर बंदी. धान्याच्या कोठारांत 18 वर्षांखाली कुणी नाही. कारणं उघड होती. ओल्या तंबाखूतलं निकोटीन कातडीतून भिनतं, मुलांना गरगरतं, ओकाऱ्या होतात. कोठारातला मका खालून सुटला, की वर उभा असलेला पाहता पाहता गाडला जातो.

शेतकरी खवळले. आईवडिलांच्या शेतावरच्या मुलांना सूट होती. पण इथली बरीच शेती भावाभावांच्या भागीदारीत किंवा कुटुंबाच्या कंपनीच्या नावावर असते. काकांच्या, आजोबांच्या शेतावरच्या पोरांचं काय, हा त्यांचा सवाल रास्तच होता. फेब्रुवारी 2012 मध्ये खात्याने ते कलम नव्याने लिहायचं कबूलही केलं. मात्र निवडणूक तोंडावर होती. 26 एप्रिलला अख्खा मसुदा मागे घेतला गेला आणि ओबामांच्या कारकिर्दीत तो पुन्हा येणार नाही, असं जाहीर झालं.

हरकत घरच्या मुलांबद्दल होती. संरक्षण गेलं ते नॉर्थ कॅरोलायना, केंटकीत परक्यांच्या तंबाखूत राबणाऱ्या मुलांचं. त्यांतली बरीच स्थलांतरित लॅटिनो कुटुंबांतली. घरच्या शेतीची सूट रुंदावून मजूर मुलांपुरता नियम तेव्हाही करता आला असता, आजही येईल. सिगारेट विकत घ्यायला या देशात वयाची 21 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तिच्यासाठी तंबाखू खुडायला मात्र 12 वर्षांचं मूल कायद्याला चालतं. हे बदललंच पाहिजे.