फेरसुनावणी: अमेरिकी स्वतंत्र माहितीपटांतील गुन्हा आणि इतिहास

गुन्ह्याचा तपास आणि इतिहासाचे संशोधन या दोहोंना साक्ष व पुरावा यांचाच आधार असतो. त्यामुळे अमेरिकेतील स्वतंत्र माहितीपटांत, म्हणजे मोठ्या स्टुडिओंच्या भांडवलाऐवजी अनुदाने, देणग्या आणि सार्वजनिक दूरचित्रवाणी यांच्या बळावर घडणाऱ्या चित्रपटांत, या दोन वाटा वारंवार एकत्र येतात. या परंपरेतील महत्त्वाच्या कृती गुन्हेगाराच्या शोधाबरोबरच, घटनेची एखादी हकिकत न्यायालयात किंवा लोकस्मृतीत प्रमाण कशी ठरली, याचीही चिकित्सा करतात.

एरल मॉरिस यांचा ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) हा या दृष्टीने पायाभूत मानावा लागतो. १९७६ साली डॅलसमध्ये एका पोलिसाची हत्या झाली आणि रँडल अ‍ॅडम्स यांना दोषी ठरवण्यात आले. मॉरिस यांनी येथे पुनर्नाट्याचा, म्हणजे घडलेला प्रसंग नटांकरवी पुन्हा उभा करण्याच्या तंत्राचा, वापर केला. परंतु प्रत्येक साक्षीनुसार तोच प्रसंग थोडा बदलून येतो, मृताची सहकारी गाडीतून उतरली होती की नव्हती हेही निश्चित राहत नाही, आणि एरवी खात्री पटवणारे हे तंत्र संशय जागवू लागते. चित्रपटाने खटल्यातील त्रुटी चव्हाट्यावर आणल्यानंतर, १९८९ मध्ये अ‍ॅडम्स यांची सुटका झाली.

प्रत्येक प्रकरणात कायदा असा मागे वळत नाही. १९८२ साली डेट्रॉइट परिसरात व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारहाण झाली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. जपानी मोटारींमुळे रोजगार बुडाल्याचा रोष त्या शहरात धुमसत होता, आणि तो जपानी व चिनी असा भेद करत नव्हता. दोघा आरोपींना केवळ दंड व परिवीक्षा, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, झाली. पुढे संघराज्याच्या न्यायालयातही कोणी अखेर दोषी ठरले नाही. क्रिस्टीन चॉय आणि रेने ताजिमा-पेन्या यांच्या ‘हू किल्ड व्हिन्सेंट चिन?’ या माहितीपटाच्या शीर्षकातील प्रश्नाला मारेकऱ्याच्या नावाने उत्तर मिळत नाही. मारेकरी आणि मृताची आई या दोघांनाही बोलते करून, शहरातील बेकारी व वंशद्वेष यांचा या हत्येतील वाटा दिग्दर्शिका उलगडतात.

रॉबर्ट ग्रीन यांच्या ‘बिस्बी ’१७’ (२०१८) या चित्रपटात शिक्षा होण्याजोगे कोणी हयातच नाही. १२ जुलै १९१७ रोजी ॲरिझोनातील बिस्बी येथे तांब्याच्या खाणींतील सुमारे १,२०० संपकरी व त्यांचे समर्थक यांना, ज्यांत मेक्सिकन आणि युरोपीय स्थलांतरित मोठ्या संख्येने होते, शेरीफच्या सशस्त्र माणसांनी गुरांच्या रेल्वेडब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले. शताब्दीच्या वर्षी चित्रपटासाठी हा प्रसंग पुन्हा उभा करताना गावकऱ्यांनीच त्यातील भूमिका केल्या. काहींच्या घराण्यात हद्दपार करणारे होते, तर काहींच्या घराण्यात हद्दपार झालेले. मॉरिस यांनी साक्षी पडताळण्यासाठी योजलेले पुनर्नाट्य येथे, शंभर वर्षे उघडपणे न बोलल्या गेलेल्या घटनेची साक्ष देण्याचे साधन होते. निकाल बदलण्याची शक्यता संपल्यावरही ही सुनावणी चालू राहते, कारण तिच्यासमोर आता आरोपीऐवजी संपूर्ण गाव उभे असते.