मंडईआधी गुडघ्याची बांधणी
खेळ आणि शरीर : लेखांक ६

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दंडार होते, रात्री नाटक होतं आणि त्याच दिवसांत कबड्डीचे सामनेही रंगतात. पवनी-लाखांदूरपासून तुमसर-मोहाडीपर्यंतची पोरं धानाच्या बांधीतून थेट मैदानात उतरतात. अंग कामानं कसलेलं असतं, दमही भरपूर असतो. तरीही एखादा गुडघा धरून खाली बसतोच.

रोवणी, कापणी, पोती उचलणं यांनी ताकद येते, यात शंका नाही. पण कबड्डीला वेगात असताना थांबण्याची ताकद लागते, आणि ती शेतात मिळत नाही. चढाईच्या 30 सेकंदांत खेळाडू पुढे झेपावतो, बोनस घेतो आणि पकड येतेय असं दिसताच एका पायावर गर्रकन वळतो. त्या क्षणी तळपाय मॅटवर रुतलेला, गुडघा जवळजवळ सरळ आणि धड फिरलेलं असतं. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचा अस्थिबंध नडगीला पुढे सरकू देत नाही. गुडघा आत मुडपला की तो तुटू शकतो, कुणाचा हातही न लागता. त्यातून घोटा पकडलेला असेल आणि वरून ब्लॉक बसला, तर विचारायलाच नको.

नडगीला मागून ओढून धरणारा स्नायू म्हणजे मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग. आपल्या बैठकांनी मांडीचा पुढचा भाग भक्कम होतो, मागचा दुबळा राहतो. त्यावर नॉर्डिक व्यायामासारखा स्वस्त उपाय नाही. गुडघ्याखाली पोतं अंथरा. जोडीदारानं मागून दोन्ही घोटे घट्ट दाबून धरावेत. कंबर न वाकवता शरीर पुढे झुकवत न्यायचं, जितकं सावकाश जमेल तितकं. तोल सुटला की हातांवर झेलायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन फेरे. दुसऱ्या दिवशी मांडी भरून येईल, घाबरू नका. हळूहळू आठवड्यातून तीन दिवसांवर या. डेन्मार्कमध्ये 942 फुटबॉलपटूंवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या 15 दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत 52. हा आकडा मांडीच्या दुखापतींचा आहे. गुडघ्यासाठी त्याच्या जोडीला उडी मारून मऊ उतरायला शिकावं लागतं: गुडघे वाकलेले, पावलांच्या रेषेत, आवाज न करता. मुलींच्या संघांनी हे तर अजिबात टाळू नये, कारण एसीएल तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा जास्त असतो.

गुडघ्यात ‘कट्’ आवाज आला आणि दोन-चार तासांत तो सुजला, तर बहुधा आत रक्त साचलेलं असतं. अशा गुडघ्याला मालिश करू नका, ओढाताण करू नका. बर्फ लावा, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. पट्टी बांधून ‘शेवटचा सामना’ खेळवणारा कप्तान संघाचं भलं करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोळ्यापर्यंत रोवणी आटोपलेली असते आणि तिथून दिवाळी साधारण दोन महिन्यांवर असते. स्नायू तयार व्हायला एवढा वेळ पुरतो. मंडईच्या चार दिवस आधीचा सराव पुरत नाही. तेव्हा मंडळांनो, बक्षिसाची वर्गणी गोळा करायला निघण्याआधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांना मैदानावर बोलवा.