चौरस फिरवला तरी चौरसच

मुलांना आकारांची नावे लवकर पाठ होतात, गुणधर्म मात्र मागे राहतात. खरे तर आकाराचे नाव त्याच्या दिसण्यावरून ठरत नाही. बाजू, कोन आणि समांतरता तपासूनच ते ठरते. हे शिकवायला भंडारा जिल्ह्यातली तळी आणि धानाच्या बांध्या उत्तम साहित्य आहेत.

गैरसमज : चौरस तिरपा केला की त्याची शंकरपाळी होते.
वस्तुस्थिती : फिरवल्याने बाजूंची लांबी बदलत नाही आणि कोनांची मापेही नाहीत. फळ्यावर चौरस कायम आडव्या पायावरच काढला, तर ‘सरळ उभा असणे’ हाही त्याचा गुणधर्म आहे असे मूल धरून चालते. टोक खाली असलेला त्रिकोणही मग ते नाकारते.

गैरसमज : चौकोन म्हणजे चौरस किंवा आयत.
वस्तुस्थिती : चार सरळ बाजूंची बंद आकृती म्हणजे चौकोन. चारही बांध कमीजास्त लांबीचे असले, तरी ते सरळ असतील तर बांधी चौकोनीच. एखादा बांध तळ्याच्या काठाने वळत गेला असेल, तर मात्र ती चौकोन नाही. दोन्ही बांध्या मुलांकडून कागदावर काढून घ्याव्यात आणि ‘ही का नाही?’ याचे उत्तर त्यांनाच द्यायला लावावे.

गैरसमज : चौरस वेगळा, आयत वेगळा, समभुज चौकोन वेगळा.
वस्तुस्थिती : युक्लिडने चौरस आणि आयत वेगळे मानले होते. आजच्या व्याख्येप्रमाणे चारही कोन काटकोन असलेला चौकोन म्हणजे आयत, आणि चौरस ही अट पूर्ण करतो. त्यामुळे आयताचे कर्ण समान असतात हे सिद्ध केले की चौरसासाठी ते पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. समभुज चौकोनासाठी ढिवर बांधवांचे मासेमारीचे जाळे पाहावे. गाठी सारख्या अंतरावर असल्याने प्रत्येक छिद्राच्या चारही बाजू समान. जाळे ताणले की छिद्र निमुळते होते, सैल सोडले की रुंदावते. मध्येच एका क्षणी कोन काटकोन होतात आणि चौरस तयार होतो, पण तेव्हाही ते छिद्र समभुज चौकोन असतेच.

गैरसमज : वय वाढले की हे आपोआप समजते.
वस्तुस्थिती : पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डॉफ या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. आधी पाहून ओळखणे, मग गुणधर्म सांगणे, त्यानंतर गुणधर्मांमधले नाते लावणे. पुढची पायरी वयापेक्षा शिकवण्यावर अवलंबून असते. म्हणून पुठ्ठ्याचे आकार कापून मुलांना स्वतः गट करू द्यावेत. एकच आकार दोन गटांत बसला तर वर्गात वाद होऊ द्यावा. शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये, कारण व्याख्येची गरज मुलाला त्या वादातच कळते.